बोअर कुठे थांबवायची?

मागच्या खेपेला अनुमानावर बोलताना मी पाणाड्याचं उदाहरण दिलं, तर दोघा-तिघांनी विचारलं, "सर, ते राहू द्या, घरासाठी बोअर घेतोय, किती फूट न्यावी ते सांगा." आता मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, भूगर्भशास्त्राचा नव्हे. पण पुण्याजवळ माझ्या घरामागे ३८० फुटांचं एक कोरडं भोक आहे. त्याच्या आधाराने बोलतो.

आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि थिजला. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग त्याचाच. प्रत्येक थराचा बराचसा भाग घट्ट, तो काळा पाषाण. वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकलेले, त्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांमध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा. ह्यात पाणी राहणार कुठे? वरच्या मुरमात, मांजऱ्याच्या झिजलेल्या भागात, भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. बस. खाली तळं वगैरे काही नाही. उलट जितकं खाली जावं तितक्या भेगा, सहसा, वरच्या भाराने मिटत जातात. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत जमिनीतल्या पाण्याला अंगातल्या शिरांची उपमा दिली. आपल्या दगडाला ती बरीच लागू पडते.

तर आमच्याकडे पाणाड्या आला. तळहातावरचा नारळ उभा राहिला. ६० फुटांवर ओल, ११० वर अर्धा इंच पाणी, आणि पुढे नुसती राखाडी कोरडी भुकटी. गाडीवाला विचारतो, "काका, थांबू की जाऊ?" मी म्हटलं, जा. एवढे पैसे घातलेत, तर आणखी शंभर फूट! खाली कुठल्या तरी कोरड्या भेगेने ते अर्धा इंच पाणीही गिळलं असावं.

नारळ उभा राहिला तिथे पाणी लागलं, हा झाला अन्वय. पण नारळ आडवा राहिला तिथे कोणी भोक पाडून पाहिलं? व्यतिरेक तपासल्याशिवाय व्याप्ती सिद्ध होत नाही, हे मी आयुष्यभर वर्गात शिकवलं आणि परसात विसरलो. मुरमाच्या जमिनीत थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी लागतं, नारळ काहीही करो.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या काकूंचा आड आटला. आमच्या बोअरमुळेच, असं मी सिद्ध करू शकत नाही. पाऊसही कमी झाला होता. पण हे तर्कशास्त्र काकूंना ऐकवायची हिंमत झाली नाही.

म्हणून एवढंच सांगतो. आधी आसपासच्या विहिरींची मे महिन्यातली पातळी बघा. दर दहा फुटांचा चुरा ओळीने मांडून ठेवा. तांबडा पट्टा, मांजऱ्या कुठे आला ते दिसतं. घट्ट पाषाण लांबतच चालला की गाडी थांबवा. सहा इंची बोअरमध्ये फुटामागे जेमतेम साडेपाच लिटर पाणी मावतं. वीस फूट व्यासाच्या विहिरीत तेच जवळजवळ नऊ हजार लिटर. नुसती खोली वाढवून साठा वाढत नाही. आणि २००९ चा भूजल कायदा ६० मीटरच्या पुढच्या विहिरीला खोल विहीर म्हणतो, हेही ध्यानात असू द्या.

आता छपराचं पाणी खडी-वाळूतून गाळून मी त्या भोकात सोडतो. यंदाच्या मे महिन्यात काकूंच्या आडात बादली बुडेल एवढं पाणी होतं. कशामुळे, ते मला विचारू नका. चला, प्रश्न घेऊ.