घोड्याला जंताचं औषध कधी द्यायचं?

तबेल्यात हा प्रश्न विचारला, की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: दर दोन-तीन महिन्यांनी, सगळ्या घोड्यांना एकदमच. ही पद्धत आली कुठून आणि आता ती का सोडायला हवी, ते आज आपण पाहू.

१९६६ साली अमेरिकेतल्या केंटकीमध्ये ड्रज आणि लायन्स या शास्त्रज्ञांनी दर आठ आठवड्यांनी औषध द्यावं असं सुचवलं. तेव्हा खरी धास्ती होती स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस या मोठ्या जंताची. त्याच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत जाऊन बसतात. रक्त अडलं, की जीवघेणा पोटशूळ उठतो. नियमित औषधाने हा जंत पुष्कळ आटोक्यात आला. तेव्हा त्या काळासाठी पद्धत बरोबरच होती.

आज मोठ्या घोड्यांत प्रामुख्याने आढळतात ते छोटे स्ट्राँगाइल. सगळ्यांना वारंवार औषध दिलं, की त्याला दाद न देणारे जंत तेवढे उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. बेन्झिमिडाझोल गटाचं औषध त्यांच्यावर जगात अनेक ठिकाणी चालेनासं झालंय. शिंगरांच्या पोटातले मोठे गोल जंत तर आयव्हरमेक्टिनलाही दाद देईनासे झालेत. घोड्यांच्या गोल जंतांवरच्या औषधांचे मुख्य गट मुळात तीनच. ते संपले, तर पुढे काय?

म्हणून आधी लीद तपासायची. एक ग्रॅम लिदीत किती अंडी आहेत ते पशुवैद्यक सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. कळपातले साधारण २० ते ३० टक्के मोठे घोडे जवळपास ८० टक्के अंडी टाकतात. म्हणजे औषधाची खरी गरज थोड्यांनाच असते. ग्रॅममागे २०० किंवा जास्त अंडी असली, तर सहसा औषध देतात. १४ दिवसांनी पुन्हा मोजायचं; अंडी फारशी घटली नसतील, तर ते औषध आपल्या तबेल्यात चालत नाही असं समजावं.

इथे एक सावधगिरी हवी. अंडी कमी म्हणजे पोटात जंत कमी, असं नव्हे. छोट्या स्ट्राँगाइलच्या अळ्या आतड्याच्या भिंतीत दडून राहतात. त्या अंडी घालत नाहीत. पण एकदम बाहेर पडल्या, तर तीव्र जुलाब होऊन घोडा दगावू शकतो. म्हणून तपासणी चांगली आली तरी वर्षातून एखादा डोस द्यायचा का, ते पशुवैद्यकांना विचारावं. शिंगरांना तर हा २०० चा नियम लावूच नये; त्यांचं वेळापत्रक वेगळं असतं.

डोस अंदाजाने देऊ नका. कमी डोस म्हणजे प्रतिकाराला आमंत्रणच. काटा नसेल तर टेप घ्या: छातीचा घेर गुणिले घेर, गुणिले अंगाची लांबी, भागिले ११,९००. मापं सेंटिमीटरमध्ये घेतली, की वजन किलोत येतं. घेर १६० आणि लांबी १५० असेल, तर वजन सुमारे ३२३ किलो.

आणि बिनपैशाचा उपाय? चरायच्या जागेतली लीद आठवड्यातून दोनदा उचलणं. ऊब आणि ओल मिळाली, की आठ-पंधरा दिवसांत अळ्या गवतावर चढायला तयार होतात. आपल्याकडे पावसाळ्यात दोन्ही मिळतात. ताजी लीद कुरणावर पसरू नका. आधी नीट कुजवा, त्या उष्णतेने अळ्या मरतात.

एकही जंत उरू नये, हा हट्ट आपण सोडू या. घोडा ठणठणीत राहावा आणि गरज पडेल तेव्हा औषध लागू पडावं, एवढं साधलं तरी पुरे.