ट्रान्सपॉण्डर म्हणजे घड्याळ नव्हे

५ मे २०२४ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस स्पीडवेवर नॅसकारची शर्यत संपली तेव्हा काइल लार्सन आणि ख्रिस ब्यूशर यांच्या गाड्या एकमेकींना खेटूनच रेषेपार गेल्या. फलकावर आधी ब्यूशरचे नाव वर झळकले. मग रेषेवरच्या वेगवान कॅमेऱ्याचे चित्र तपासले गेले आणि लार्सन विजेता ठरला. दोघांतला फरक होता ०.००१ सेकंद. नॅसकारच्या मुख्य मालिकेत त्याआधीचा विक्रम ०.००२ सेकंदाचा होता. प्रत्येक गाडीत वेळ नोंदवणारा ट्रान्सपॉण्डर बसवलेला असताना कॅमेऱ्याची पायरी का चढावी लागली, असा प्रश्न अनेकांना पडला. त्याचे उत्तर शोधू लागले की या मुठीत मावणाऱ्या डबीविषयीचे बरेच गैरसमज दूर होतात.

पहिला आणि सगळ्यांत पसरलेला गैरसमज असा की ट्रान्सपॉण्डर वेळ मोजतो. तो काहीच मोजत नाही. वर्गात हजेरीच्या वेळी ‘हजर’ म्हणणाऱ्या मुलाइतकेच त्याचे काम आहे. फरक एवढाच, की हा मुलगा कोणी न विचारताही अखंड ओरडत असतो. डबीतून तिचा स्वतःचा क्रमांक चुंबकीय संदेशाच्या रूपात सतत बाहेर पडतो. ट्रॅकच्या डांबरात आडवी खाच पाडून तारेचा वेढा, म्हणजे लूप, पुरलेला असतो. गाडी त्यावरून गेली की तारेत तो संदेश उमटतो आणि टायमिंगच्या खोलीतल्या डिकोडरपर्यंत पोहोचतो. घड्याळ असते ते या डिकोडरकडे. गाडी जवळ येताना संदेशाचा जोर वाढतो, पुढे गेल्यावर उतरतो. या चढउतारावरून डिकोडर ओलांडण्याचा क्षण ठरवतो. म्हणजे रेषा ओलांडल्याची जी नोंद होते ती गाडीच्या नाकाची नव्हे, डबीची. नाक आधी कोणाचे पोहोचले हे कॅमेराच सांगू शकतो.

यावरून काही हुशार मंडळी दुसऱ्या टोकाला जातात: ‘मग डबी जितकी पुढे बसवावी तितका लॅप कमी वेळात!’ हेही चूक. लॅपची वेळ म्हणजे त्याच डबीने तीच तार लागोपाठ दोनदा ओलांडण्यामधला अवधी. डबी नाकाजवळ असो की मागच्या चाकाजवळ, दोन्ही वेळा ती सारखीच पुढे किंवा मागे असते, त्यामुळे लॅपच्या वेळेत फरक पडत नाही. १९९७ साली हेरेझला फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत विल्नव्ह, शूमाकर आणि फ्रेंट्झन या तिघांचीही वेळ १ मिनिट २१.०७२ सेकंद अशी तंतोतंत सारखी निघाली. तिथे कोणाची डबी कुठे होती याने काहीही बिघडले नसते. (पोल पोझिशन विल्नव्हला मिळाली, कारण ती वेळ त्याने सर्वांत आधी नोंदवली होती.)

शेवटच्या रेषेवरचा क्रम मात्र वेगळी गोष्ट आहे. ताशी १८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ५० मीटर जाते, म्हणजे एक हजारांश सेकंदात ५ सेंटीमीटर. एकाने डबी नाकाशी आणि दुसऱ्याने दोन मीटर मागे बसवली, तर गाड्या बरोबरीने आल्या तरी कागदावर ०.०४ सेकंदाची तफावत दिसेल. म्हणून नियमावल्या जागा ठरवून देतात. आंतरराष्ट्रीय कार्टिंगमध्ये डबी आसनाच्या पाठीमागे, जमिनीपासून २५ सेंटीमीटरवर, ५ सेंटीमीटर इकडेतिकडे, अशी लावायची असते. एसएई संस्थेच्या विद्यार्थी फॉर्म्युला स्पर्धेत ती चालकाच्या उजव्या बाजूला, पुढच्या रोल हूपच्या, म्हणजे संरक्षक कमानीच्याही, पुढे हवी. ‘कुठेही बसवा, चालते’ हे फक्त सरावापुरते खरे.

उंचीबद्दल मोबाइलच्या रेंजने आपल्याला वाईट सवय लावली आहे. वर गेले की सिग्नल चांगला, असे मानून कोणी डबी डॅशबोर्डवर ठेवतो, कोणी रोल केजला बांधतो. इथे मनोरा नाही; ऐकणारी तार पायाखाली आहे आणि डबीचा अँटेनाही तळाशी असतो. शिवाय अशा छोट्या उगमाचे चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने विरते: अंतर दुप्पट झाले की जोर साधारण एक अष्टमांश. एसएईच्या नियमात कमाल उंची ६० सेंटीमीटर दिली आहे, ती याच कारणाने. तेवढ्या उंचीवरही डबी आणि जमीन यांच्यामध्ये अडथळा नको, ही अट आहेच.

आणि अडथळा म्हणजे नेमके काय, इथे सर्वाधिक गाड्या फसतात. ‘ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, मग ते चुंबकीय संदेश कसा अडवेल?’ हा युक्तिवाद ऐकायला चोख वाटतो. पण प्रश्न चिकटण्याचा नाही, वीज वाहण्याचा आहे. बदलते चुंबकीय क्षेत्र कोणत्याही वाहक पत्र्यात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण करते आणि ते प्रवाह मूळ क्षेत्रालाच विरोध करतात. ॲल्युमिनियम उत्तम वाहक, त्यामुळे अडवण्यातही उत्तम. कार्बन फायबरही वीज वाहून नेते. याउलट ग्लास फायबर आणि प्लास्टिक यांतून संदेश सहसा निर्वेध जातो. रंग मारल्यावर कार्बनचे आणि काचेचे पॅनेल ओळखू येत नाही, म्हणून बसवण्याआधी गाडी बनवणाऱ्यालाच विचारलेले बरे. तळाला धातू किंवा कार्बनचा पत्रा असेल तर एसएईचा नियमच वाट दाखवतो: १०.२ सेंटीमीटर व्यासाचे भोक पाडा, डबी त्याच्या कडेशी सपाट बसवा आणि भोक संदेश आरपार जाईल अशा पदार्थाने झाका. महागड्या कार्बनच्या तळाला भोक पाडताना कोणाचाही जीव खालीवर होणार, पण नोंद न झालेला लॅप त्याहून महाग.

आडवी-उभी कशीही लावली तर? एसएईच्या त्याच नियमात डबी उभी आणि तिच्यावरचा क्रमांक सुलटा वाचता येईल अशी हवी, असे म्हटले आहे. ते दिसण्यासाठी नाही; अँटेनाचे तोंड त्यामुळेच जमिनीकडे राहते. इतर मॉडेलांसाठी उत्पादकाची सूचना पाहावी. एक्झॉस्ट आणि ब्रेकपासून डबी लांब हवी, आणि चाकाच्या थेट मागे नको, कारण तिथे खडीचा मारा बसतो. चिकटपट्टीवर विसंबून राहणे हा निव्वळ आळस आहे. डबीबरोबर येणारा होल्डर बोल्टने किंवा रिव्हेटने पक्का करायचा आणि डबी क्लिपने अडकवायची.

‘दिवा लुकलुकतोय, म्हणजे चालू आहे.’ अर्धवट खरे. हिरवा दिवा बॅटरीची खात्री देतो, संदेश पत्र्याबाहेर पडतो की नाही याची नाही. नेदरलँड्सच्या मायलॅप्स कंपनीच्या एक्स-टू डब्यांना तर ठरावीक मुदतीची वर्गणी असते. ती संपल्यावर बॅटरी भरलेली असूनही उपयोग नाही. गाडीच्या विजेवर चालणाऱ्या डबीची वायर सैल असेल, तर ती भर लॅपमध्ये मुकी होते.

डबीला जीपीएस समजणारेही पुष्कळ. गाडी ट्रॅकवर कुठे आहे हे तिला ठाऊकच नसते. तार आली की नोंद, नाही तर शांतता. सेकंदाला १० वेळा नोंद घेणारा जीपीएस लॉगर ताशी १८० किलोमीटरला दर ५ मीटरवर एक बिंदू टिपतो आणि मधले गणिताने भरतो. सरावाला तो उत्तम, पण अधिकृत निकालासाठी लूपच लागतो.

तरी लूप आणि डबीची जोडी सर्वज्ञ नाही. मार्च २०२४ मध्ये जेद्दाहच्या फॉर्म्युला वन शर्यतीत लँडो नॉरिसची गाडी दिवे विझण्याआधी हललेली चित्रफितीत दिसत होती. पण अधिकृत ट्रान्सपॉण्डरने चुकीची सुरुवात दाखवली नाही आणि तेव्हाचा नियम त्याच्यावरच बेतलेला असल्याने पंचांनी शिक्षा केली नाही.

मुंबई-पुण्याचे विद्यार्थी संघ असोत की कोल्हापूरच्या ट्रॅकवर कार्ट पळवणारी मुले, त्यांच्यासाठी शेवटचा गैरसमज सर्वांत कामाचा: डबी गाडीचा नंबर ओळखते. ती ओळखत नाही. कोणती डबी कोणत्या गाडीत आहे हे टायमिंगच्या खोलीत माणूस संगणकावर टिपतो. आयत्या वेळी डबी बदलली आणि सांगायचे राहिले, तर तुमचे लॅप दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात. तेव्हा डबीवर कोरलेला क्रमांक तपासणीच्या वेळीच लिहून द्या, आणि पहिल्या सरावात पहिला लॅप संपताच आपले नाव पडद्यावर आले का ते पाहायला एकाला टायमिंगच्या खोलीशी उभे करा.