स्नायू आखडतो, पण त्यातलं काहीच आखूड होत नाही

दंडाची बेटकुळी काढून दाखवणाऱ्या पोराला विचारा, आत नेमकं काय झालं? ‘स्नायू फुगला,’ असं तो ठणकावून सांगेल. त्याला हसायचं कारण नाही. सतराव्या शतकात युरोपातली भलीभली मंडळी हेच मानत होती. मज्जातंतूंतून एक सूक्ष्म द्रव स्नायूत उतरतो, त्यानं तो फुगतो आणि फुगला म्हणून आखडतो, अशी देकार्तची मांडणी होती. ती खोडली यान स्वामरडाम या डच अभ्यासकानं, १६६०च्या दशकात. त्यानं बेडकाच्या मांडीचा स्नायू मज्जातंतूसकट काचेच्या बंद नळीत ठेवला. नळीचं एक टोक अगदी बारीक ओढलेलं, आणि त्यात पाण्याचा एक थेंब. स्नायू खरोखर फुगत असेल तर आतली हवा दाबली जाऊन थेंब वर चढायला हवा. मज्जातंतू डिवचला, स्नायू आखडला, पण थेंब काही वर चढला नाही. आखडताना स्नायूची लांबी कमी होते आणि तेवढी जाडी वाढते. आकारमान आहे तेवढंच राहतं.

मग लांबी कमी होते ती कशामुळे? इथे दुसरा, जास्त चिवट गैरसमज भेटतो: स्नायूतले धागे रबरासारखे आक्रसत असणार.

स्नायू उकलत गेलं तर आधी तंतूंचे जुडगे लागतात. त्यातला एकेक तंतू ही एकच पेशी असते, पण काही सेंटिमीटर लांब असू शकणारी आणि एकाऐवजी शेकडो केंद्रकं बाळगणारी. तंतूत सूक्ष्मतंतू ठासून भरलेले, आणि प्रत्येक सूक्ष्मतंतू म्हणजे सार्कोमिअर नावाच्या घटकांची एकामागोमाग एक लागलेली माळ. एका सार्कोमिअरची लांबी साधारण अडीच मायक्रोमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये असे चार हजार. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूवर आडवे गडद-फिके पट्टे दिसतात ते यांच्यामुळेच. गडद पट्ट्यात मायोसिनचे जाड धागे, फिक्या पट्ट्यात अ‍ॅक्टिनचे बारीक. दोघांची टोकं एकमेकांत शिरलेली.

मे १९५४मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध लागोपाठ छापून आले. एक अँड्र्यू हक्स्ली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन यांचा. (दोन हक्स्ली, आणि दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. विद्यार्थी इथे हमखास फसतात.) दोन्ही जोड्यांना दिसलं ते एकच: स्नायू आखडताना गडद पट्ट्याची रुंदी बदलत नाही, फिका पट्टा तेवढा अरुंद होत जातो. म्हणजे धागे आक्रसत नाहीत, एकमेकांवरून सरकतात.

विहिरीतून पोहरा शेंदताना दोर आखूड होत नाही आणि हातही होत नाहीत. एका हाताची पकड सुटते, पुढे जाते, पुन्हा बसते. पोहरा मात्र वर येतो. मायोसिनच्या एका धाग्यावर असे सुमारे तीनशे हात असतात. एकेकाची ओढ जेमतेम पाच-दहा नॅनोमीटरची. सगळे एकदम ओढत नाहीत. काही धरून असतात म्हणून तर बाकीच्यांना पकड बदलता येते.

आणि या सगळ्यातली मला सर्वांत उलटी वाटणारी गोष्ट पकड सुटण्याची आहे. ताकद आवळायला लागते, सैल सोडायला काही लागत नाही, असं आपण धरून चालतो. पेशीचं इंधन म्हणजे एटीपी. मायोसिनच्या हाताला एटीपीचा नवा रेणू येऊन चिकटला तरच अ‍ॅक्टिनवरची त्याची पकड सुटते. तो रेणू फोडून मिळालेल्या ऊर्जेवर हात पुढच्या ओढीसाठी सज्ज होतो. एटीपी नसेल तर हात जिथे धरला तिथेच अडकतो.

प्रेत ताठतं ते याचमुळे. ‘अंग गार पडलं म्हणून ताठलं’ ही समजूत घरोघरी ऐकू येते, पण गारठ्याचा तिथे संबंध नाही. उलट उन्हाळ्यात ताठरपणा लवकर येतो आणि लवकर जातो. मृत्यूनंतर एटीपी तयार होणं बंद पडतं आणि पकड बसायला लागणारं कॅल्शियम तंतूतल्या कोठारांतून बाहेर झिरपतं. धाग्यांची पकड बसते, सोडवायला मात्र काही उरलेलं नसतं. काही तासांत पापण्या आणि जबडा आवळतात, साधारण बारा तासांत सारं शरीर. पुढे प्रथिनांचं विघटन सुरू झालं की ते पुन्हा सैल पडतं. शवविच्छेदन करणारे डॉक्टर मृत्यूच्या वेळेचा अंदाज बांधताना हे टप्पे बघतात.

जिवंतपणीही सैल होणं फुकट नाही. मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून आला की तंतूतल्या कोठारांतून कॅल्शियम सुटतं, अ‍ॅक्टिनवरच्या ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला बिलगतं आणि मायोसिनला धरायच्या जागा मोकळ्या होतात. हुकूम थांबला की तेच कॅल्शियम उपसून पुन्हा कोठारात भरावं लागतं, आणि त्या उपशालाही एटीपी खर्ची पडतं.

स्नायू ढकलतो, हेही खरं नाही. त्याला फक्त ओढता येतं. बंद पडलेली गाडी ढकलताना दंडाच्या मागचा स्नायू कोपर सरळ करतो तोही हाड ओढूनच. म्हणून सांध्याभोवती स्नायू जोडीनं, आमनेसामने असतात. आखडलेला स्नायू आपला आपण लांब होत नाही, समोरच्यानं किंवा वजनानं त्याला ताणावं लागतं.

आता सिंहगड. चढताना दम निघतो, उतरताना गप्पा सुचतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय,’ असं कुणीतरी सांगतंच. हा गैरसमज व्यायामशाळांनी फार प्रेमानं जपलाय. रक्तातलं वाढलेलं लॅक्टेट विश्रांतीनंतर तास-दोन तासांत पूर्वपदावर येतं, आणि टाकाऊ तर ते मुळीच नाही, हृदय त्याचं इंधन करतं. शिवाय ते जास्त तयार होतं चढताना, आणि मांड्या मोडून येतात उतरल्यावर. उतरताना प्रत्येक पावलाला गुडघा वाकतो आणि मांडीचा पुढचा स्नायू ओढत असतानाच ताणला जातो. आकुंचन म्हणजे दर वेळी आखूड होणं नव्हे, ते इथे दिसतं. भरलेली बादली नुसती धरून उभं राहिलं तर स्नायूची लांबी जवळपास बदलत नाही, तरी तो राबतच असतो. उतरणीवर तर तो राबता राबता लांब होतो. यात शक्ती कमी लागते, पण काही सार्कोमिअर जास्त ताणून विस्कटतात. मग दुरुस्ती सुरू होते, थोडी सूज येते, दुखतं. दुखणं स्नायूला झालेल्या इजेतून येत असावं, हा विचार थिओडोर हफ या अमेरिकन शरीरक्रियातज्ज्ञानं १९०२मध्येच मांडला होता. काही आठवड्यांत पुन्हा तोच गड उतरा, दुखणं बरंच कमी असेल.

व्यायाम सोडला की स्नायूंची चरबी होते, हे साफ चूक. दोन्ही पेशी वेगळ्या. स्नायू रोडावतात, खाणं तेवढंच राहिलं की चरबी वाढते, आणि दोन्ही एकाच वेळी घडल्यामुळे तसं वाटतं. तालमीनं नवे तंतू फुटतात हेही जवळपास चूकच. आहेत तेच तंतू आत सूक्ष्मतंतूंची भर पडून जाड होतात. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती तर बहुतांशी मज्जासंस्थेची, जास्त तंतूंना एकदम कामाला लावायची सवय तिला लागते म्हणून.

राहता राहिली रात्री पोटरीत चढणारी ‘नस’. चढलेली असते ती नस नव्हे. मज्जातंतूंचे इशारे थांबत नाहीत आणि पोटरीचा स्नायू आवळलेलाच राहतो, त्याचा तो गोळा असतो. शीर शोधून दाबत बसण्यात अर्थ नाही. गुडघा सरळ ठेवून पाऊल हातानं नडगीकडे ओढा आणि गोळा सुटेपर्यंत धरून ठेवा.