मुलांसह समुद्रकिनारी मुक्काम : जागा पारखून घ्या

वर्षभर दुकान किंवा कारखाना सोडून हलता न येणारे आपले व्यापारी व कारागीर बांधव मुलांच्या सुट्टीत कोकण किनारी तंबूत राहण्याचा बेत आखतात. बेत चांगलाच आहे. मात्र माल घेताना आपण जशी पारख करतो, तशीच किनारा निवडतानाही करावी, असे आम्हांस वाटते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले डझनाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ती तर मोठी मुले होती.

लहान मुले बरोबर असल्यास वाळूचा, मंद उताराचा किनारा घ्यावा. श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगरला लांब सपाट वाळू आहे, मागे सुरूची झाडे आहेत, गावही जवळ आहे. त्याच तालुक्यातील हरिहरेश्वरचा खडकाळ भाग पाहण्यास सुंदर. पण मुलांना मोकळे सोडण्याजोगा नाही. खाडीच्या मुखाशी पाण्याला ओढ असते, तेथे उतरू नये.

तारीखही पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. चांदाच्या ८ आणि २२ तारखेच्या आसपास भरती-ओहोटी सौम्य असते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून ती स्थानिक कोळी बांधवांना विचारावी. तंबू भरतीच्या खुणेपासून बराच वर ठोकावा. पावसाळ्यात हा बेत करूच नये.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : पिण्याचे पाणी कोठले, रात्री संडासात दिवा असतो का आणि डॉक्टर किती अंतरावर आहे? उत्तर गुळमुळीत आले, तर सौदा सोडावा.