स्नायूंची एकच विद्या

दार ढकलून उघडणें ही क्रिया आपण दिवसांतून किती वेळां करतों, याची मोजदाद कोणी ठेवीत नाहीं. परंतु दार ढकलतांना हाताचे स्नायु काय करतात, असें कोणास विचारलें, तर तो बहुधा हेंच उत्तर देईल कीं, स्नायु दाराला ढकलतात. आम्हींहि शाळेंत असतांना हेंच उत्तर दिलें होतें, आणि आमच्या शास्त्राच्या गुरुजींनीं तें फळ्यावर लिहून त्यावर भली मोठी फुली मारली होती. स्नायूला ढकलतां येत नाहीं. त्याला केवळ ओढतां येतें. आखडून आपली लांबी कमी करावी व काम होतांच सैल पडावें, एवढीच त्याची विद्या. आणि एवढ्या भांडवलावर मनुष्य चालतो, लिहितो, गातो, घास गिळतो व श्वास घेतो. हें कसें घडतें, तें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभीं शब्दांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत पेशी पांचशें व स्नायु नऊशें सांगितले आहेत. हे आंकडे वाचून गोंधळून जाऊं नये. तेथें 'पेशी' म्हणजे मांसाचा गोळा, ज्यास आपण स्नायु म्हणतों तो. आणि 'स्नायु' म्हणजे सांधे बांधून ठेवणारे चिवट बंध. हिंदी भाषेनें 'मांसपेशी' हा शब्द जुन्या अर्थानें राखिला. मराठींत मात्र नांवें जागा सोडून सरकलीं, आणि ज्या सूक्ष्म घटकांचें शरीर बनलें आहे त्यांस आपण पेशी म्हणूं लागलों. हिंदी पुस्तक हातीं घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें. आजचें शारीरशास्त्र हाडांना जोडलेले असे सहाशेंहून अधिक स्नायु मोजतें, आणि प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारें दोनपंचमांश भाग त्यांचाच असतो. स्त्रियांत हें प्रमाण कांहींसें कमी असतें.

आतां दाराकडे वळूं. डाव्या हातानें उजवा दंड मागच्या बाजूनें धरावा आणि उजव्या हातानें भिंत ढकलावी. दंडाच्या मागचा भाग टणक झालेला बोटांस लागेल. हा तीन मुळांचा स्नायु आहे. त्याचें खालचें टोंक चिवट दोरीसारखें होऊन कोपराच्या टोंकदार हाडास चिकटलेलें आहे. या दोरीस कंडरा म्हणतात. स्नायु आखडला कीं तें टोंक वर ओढलें जातें, कोपर सरळ होतें आणि तळहात पुढें सरकतो. ढकलतें तें हाड. स्नायु तेव्हांहि ओढीतच असतो. कोपर पुन्हां वांकवावयाचें तर हा स्नायु कांहीं करूं शकत नाहीं. त्यासाठीं दंडाच्या पुढच्या बाजूस दुसरा, दोन मुळांचा स्नायु आहे, ज्याची बेटकुळी फुगवून मुलें एकमेकांस दाखवितात. ज्याला केवळ ओढतां येतें त्याला उलट ओढणारा जोडीदार लागतोच, आणि म्हणून हाडांवरचे स्नायु असे समोरासमोर मांडलेले आढळतात.

या बेटकुळीच्या स्नायूची रचना प्रथमदर्शनीं वेडगळ वाटते. त्याची कंडरा कोपरापासून अवघ्या चारपांच सेंटिमीटरांवर हाडास लागते, आणि ओझें तर दूर तळहातावर असतें. पांच किलोचें ओझें तोलण्यासाठीं त्यास पस्तीसचाळीस किलोंच्या वजनाइतका जोर लावावा लागतो. हमालानेंहि असा सौदा केला नसता! परंतु या तोट्यांतच लाभ आहे. स्नायूला फार आखडतां येत नाहीं. पण तो बोटभर आखडला तरी तळहात वीतभराहून अधिक उचलला जातो, आणि तोहि वेगानें. चेंडू फेंकणाऱ्याचा हात याच हिशेबावर चालतो. बोटांची गोष्ट तर याहून नवलाची आहे. बोटांत हाडें हालविणारे स्नायु मुळींच नाहींत. ते तळहातांत व कोपराखालच्या हातांत असून, लांब कंडरांच्या दोऱ्यांनीं बोटें ओढतात. मनगट व कोपर यांच्या मधला भाग धरून बोटें हालवून पाहावीं, म्हणजे आमच्या म्हणण्याचा प्रत्यय येईल.

आमच्या वर्गांतील एका चतुर मुलानें तेव्हां अशी शंका काढली होती कीं, जीभ बाहेर काढून दाखवितांना तर स्नायु ढकलतोच ना? शंका काढतांना त्यानें जीभहि दाखविली, म्हणून त्यास बाकावर उभें राहावें लागलें. परंतु शंका खोटी नव्हती. तिचें उत्तर असें कीं, जिभेचा एक मोठा स्नायु हनुवटीच्या हाडाला आंतून बांधलेला आहे. तो आखडला कीं जिभेचें मूळच पुढें ओढलें जातें, आणि टोंक बाहेर येतें.

स्नायु आखडतो म्हणजे त्याच्या आंत काय घडतें? शिजलेल्या मांसाचा तुकडा बोटांनीं सोडविला तर त्याचे धागे सुटतात. हे धागे म्हणजे तंतूंच्या जुड्या. प्रत्येक जुडीभोंवतीं पातळ वेष्टण असतें, सर्व जुड्या मिळून आणखी एक वेष्टण, आणि हींच वेष्टणें टोंकाशीं एकत्र येऊन कंडरा होते. एकेक तंतु ही एकेक पेशी होय; तिची जाडी केसाच्या आसपास, लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर, आणि केंद्रकें एक नव्हें तर शेंकडों. सूक्ष्मदर्शकाखालीं या तंतूवर आडव्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या दिसतात. त्या पट्ट्यांचा अर्थ मात्र बराच काळ लागला नव्हता.

तो १९५४ सालीं लागला. त्या वर्षीं 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकांत दोन लेख प्रसिद्ध झाले. एक अँड्र्यू हक्सले व निडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सले व जीन हॅन्सन यांचा. दोघे हक्सले एकमेकांचे नातलग नव्हते. तंतूंत मायोसिन नांवाच्या द्रव्याच्या जाड काड्या व ॲक्टिन नांवाच्या द्रव्याच्या बारीक काड्या एकींत एक गुंतवून ठेवलेल्या असतात. तोंवर पुष्कळांची समजूत अशी होती कीं, या काड्याच घडी पडून आंखूड होत असाव्या. दोन्ही लेखांनीं दाखविलें कीं, काड्यांची लांबी तीच राहते; त्या केवळ एकमेकींमधून सरकतात. दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत घालून हात जवळ आणावे, बोटें आंखूड होत नाहींत पण दोन्ही कोपरें जवळ येतात, तसेंच हें आहे. जाड काडीला बारीक आंकडे असतात. ते बारीक काडीला धरतात, ओढतात, सोडतात व पुढें पुन्हां धरतात, जसा विहिरीवर पोहरा ओढणारा हातावर हात टाकीत दोर घेतो. असा एक गुंता मिलिमीटराच्या सुमारें चारपांचशेंव्या भागाएवढा असतो. असे हजारों गुंते एका ओळींत एकाच क्षणीं सरकतात, तेव्हां आपली पापणी मिटते.

येथें एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. आंकडा ओढण्यास शक्ति लागते हें कोणीहि मानील. पण तो सुटण्यासहि ए.टी.पी. नांवाचें शक्तिद्रव्य लागतें. मृत्यूनंतर हें द्रव्य संपतें, आंकडे धरलेले तसेच राहतात, आणि कांहीं तासांत प्रेत ताठ होतें. पुढें स्नायूंतील द्रव्येंच कुजूं लागलीं म्हणजे तो ताठरपणा जातो.

आतांपर्यंत वर्णिलेले स्नायु पट्टे असलेले व बहुतांशीं आपल्या इच्छेप्रमाणें वागणारे. दुसरी जात आंतडीं, रक्तवाहिन्या, मूत्राशय यांच्या भिंतींत राहते. तिच्या पेशी चातीसारख्या, दोहों टोंकांस निमुळत्या, एकाच केंद्रकाच्या व पट्टे नसलेल्या असतात. त्या सावकाश आखडतात, परंतु लवकर थकत नाहींत, आणि आपली आज्ञा मानीत नाहींत. अंगावर कांटा येतो तो याच जातीच्या चिमुकल्या स्नायूंनीं केंसांचीं मुळें ओढल्यामुळें. आपण ठरवून कांटा आणूं म्हटलें तर सहसा साधत नाहीं.

तिसरी जात केवळ हृदयाची. तिला पट्टे आहेत, पण ती इच्छेबाहेर आहे. तिच्या पेशी फांद्या फुटलेल्या व एकमेकींस सांधलेल्या असल्यामुळें एकीचा इशारा सर्वांस पोंचतो, आणि ठोक्याचा आरंभ हृदयांतच होतो. मज्जातंतु त्याची गति कमीअधिक करतात इतकेंच. दिवसाला सुमारें एक लाख ठोके, आणि विसांवा काय तो दोन ठोक्यांच्या मधला. या पेशी मेल्या तर नव्या जवळजवळ होत नाहींत. तेथें व्रण उरतो, आणि व्रणाला ओढतां येत नाहीं.

हाडांवरच्या स्नायूंना मात्र प्रत्येक आज्ञा मज्जातंतूनेंच यावी लागते. हें आम्हांस शाळेंत उशिरां कळलें. आमच्या वर्गांत एका मुलाचा उजवा पाय पोलिओनें गेलेला होता. पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर बांधून तो येई, आणि कवाइतीच्या तासाला बाकावर बसून राही. आम्ही त्यास मोठ्या शहाणपणानें बैठका मारण्याचा उपदेश करीत असूं. पाय वापरीत नाहीस म्हणून वाळला, असें एकदां तोंडावर म्हटलेंहि. पुढें आमच्यांतल्याच एकाचा पाय मोडला. सहा आठवड्यांनीं प्लास्टर काढलें तेव्हां त्याची पोटरी अशीच रोड झाली होती, परंतु चालूं लागतांच कांहीं महिन्यांत ती पूर्ववत् भरली. आमच्या उपदेशाला यामुळें अधिकच जोर आला. तेव्हां गुरुजींनीं या दोन पायांतला भेद आम्हांस समजाविला. प्लास्टरमधल्या पायाचे मज्जातंतु शाबूत होते. पोलिओचा विषाणु स्नायूला मारीत नाहीं. तो पाठीच्या कण्यांतील ज्या मज्जापेशी स्नायूला आज्ञा धाडतात त्यांस मारतो. आज्ञाच येत नाहीं, म्हणून निरोगी स्नायु झिजत जातो, आणि कितीहि मनांत आणलें तरी बैठक निघत नाहीं. त्या दिवशीं आम्हीं कोणीं त्या मुलाच्या बाकाकडे पाहिलें नाहीं.

भारतांत नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्यें पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यांत आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. आमच्या त्या मित्राची उजवी पोटरी अजूनहि मनगटाएवढीच आहे. परंतु इतकीं वर्षें कुबडीवर शरीराचा भार तोलून त्याच्या दंडांच्या मागचा तो तीन मुळांचा स्नायु असा झाला आहे कीं, पंजा लढवितांना आमच्यापैकीं कोणाचाहि हात त्याच्यापुढें टिकत नाहीं.