सागरतळाच्या कोळंबीची ओळख

जबलपूरजवळ नर्मदेत जाळे टाकले म्हणजे माशांबरोबर मॅक्रोब्रॅकियम वंशातील कोळंब्याही वर येतात. समुद्र येथून शेकडो कोस दूर. तरी खोल सागरातील कोळंबी ओळखण्याचा पहिला पाठ या गोड्या पाण्यातील प्राण्यावर घेता येतो. तिच्या उदराचे खंड बाजूने पाहावेत. दुसऱ्या खंडाचे पार्श्वकवच पहिल्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही खंडांवर चढलेले दिसते. मादी अंडी पोटाखालील पायांना चिकटवून वागवते. ही कॅरिडिया गटाची खूण होय. किनाऱ्यावरील बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मोठ्या कोळंब्या मात्र दुसऱ्या गटातील. त्यांत दुसरा खंड पहिल्यावर चढत नाही आणि अंडी थेट पाण्यात सोडली जातात.

अरबी समुद्रात तीनशे-चारशे मीटर खोलीवर हे दोन्ही गट एकाच जाळ्यात सापडतात. पुढची ओळख मात्र इतकी सोपी नाही. जिवंतपणी लाल दिसणारा प्राणी मद्यार्कात ठेवला की फिका पडतो, आणि मग काटे, कवचावरील कंगोरे व डोळ्यांमधून पुढे आलेल्या चोचीचे दात हेच पुरावे उरतात. हेटेरोकार्पस वुडमेसोनाय या जातीत उदराच्या तिसऱ्या खंडाच्या पाठीवर मधोमध एक उंच, अणकुचीदार काटा असतो. तिच्याच वंशातील हेटेरोकार्पस गिबोसस या जातीत तो नसतो. एवढा एक काटा वाहतुकीत मोडला, तर घाईने पाहणारा फसण्याचा संभव असतो.

या नावामागे एका नौकेची कथा आहे. ‘इन्व्हेस्टिगेटर’ ही सर्वेक्षण-नौका १८८१ साली मुंबईच्या गोदीत बांधली गेली. सागराची खोली मोजणे हे तिचे मुख्य काम. प्राणिसंग्रह हे जोडकाम. आल्फ्रेड अल्कॉक १८८८ ते १८९२ या काळात तिच्यावर वैद्य व निसर्गशास्त्रज्ञ होते. तिने गोळा केलेल्या कोळंब्यांची वर्णनात्मक सूची त्यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केली, आणि अंदमानच्या समुद्रातील या नव्या जातीला कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील आपले पूर्वसूरी जेम्स वुड-मेसन यांचे नाव दिले. पुढे १९३८ मध्ये रमदान यांनी अरबी समुद्रातील दुसऱ्या एका कोळंबीस ॲरिस्टिअस अल्कॉकी असे नाव देऊन खुद्द अल्कॉक यांचे ऋण फेडले.

अंदमानात प्रथम सापडलेली जाती नंतर केरळच्या किनाऱ्यासमोरही आढळली. अशा वार्तेला ‘नवी प्रसार-नोंद’ म्हणतात आणि तिचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. प्राणी तेथे नव्याने आला, असे त्यातून सिद्ध होत नाही. बहुधा त्या खोलीवर तेथे पूर्वी जाळेच गेलेले नसते. नकाशावरील रिकामी जागा प्राण्याच्या अभावाची साक्ष देते त्याहून अधिक निरीक्षकाच्या अभावाची देते.

हा वाद केवळ संग्रहालयापुरता राहिलेला नाही. १९९९ च्या सुमारास केरळच्या यांत्रिक नौका व्यापारी प्रमाणावर खोल पाण्यातील कोळंबी पकडू लागल्या. धक्क्यावर निरनिराळ्या जातींचा माल एकत्र उतरतो. त्याची नोंद एकाच नावाखाली झाली, तर एक जाती घटत असताना दुसरी वाढल्यामुळे एकूण आकडा स्थिर दिसेल आणि घट कोणाच्या ध्यानी येणार नाही. शिवाय पोटाखाली अंडी वागवणारी मादी जाळ्यात आली की तिची सगळी वीणही तिच्यासवे जाते. म्हणून आज नव्या नोंदीसोबत अक्षांश, रेखांश, खोली, तारीख आणि जपून ठेवलेला नमुना यांची मागणी केली जाते. ज्या बाटलीवरील चिठ्ठी गळून पडली, तिच्यातील कोळंबी कितीही सुस्थितीत असली तरी तिच्या जोरावर नकाशावर एक ठिपकाही मांडता येत नाही.