पाण्याच्या मागोमाग तीन वाटा
पालघर-बोईसर परिसरातील सहकुटुंब पदभ्रमण

बोईसर-तारापूर हे नाव उच्चारले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कारखाने, गोदामे आणि अणुवीज केंद्र उभे राहते. १९६९ साली देशातील पहिले अणुवीज केंद्र येथे कार्यान्वित झाले. पुढे औद्योगिक वसाहत विस्तारली आणि व्यापार-उद्योगाच्या निमित्ताने अनेक जैन कुटुंबे या पट्ट्यात स्थिरावली. घरातील वडीलधाऱ्यांना येथील मालाचे भाव तोंडपाठ असतात. मुलांना मात्र खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराचे नावही ठाऊक नसते. सुट्टी लागली की गाडी महाबळेश्वरकडे नाहीतर अबूकडे वळते.

वास्तविक १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झालेला पालघर जिल्हा वन, डोंगर आणि खाडी या तिन्हींनी संपन्न आहे. पालघर स्थानकापासून फार दूर न जाता या तिन्ही ठिकाणी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना आपापल्या शक्तीनुसार चालता येते. या तीन वाटा क्रमाने चालल्या, तर घरातील नळाला आणि कारखान्याच्या टाकीला येणारे पाणी कोठून येते व कोठे जाते, हेही उलगडत जाते.

पहिली वाट : वाघोबा खिंडीचे रान

पालघरहून मनोरकडे जाणारा रस्ता वाघोबा खिंडीतून जातो. खिंडीत वाघोबाचे देऊळ आहे. वारली समाज वाघाला, बिबट्याला देव मानतो आणि वाघबारशीला येथे पूजा करतो. ज्याचे भय वाटते त्याला मारून टाकण्याऐवजी त्याच्याशी नाते जोडून शेजारी राहावे, ही रीत अहिंसेचे संस्कार लाभलेल्या मुलांना समजावून सांगण्यासारखी आहे.

खिंडीतूनच काळदुर्गाची वाट वर चढते. लहान मुले बरोबर असतील तर माथ्याचा आग्रह धरू नये, झाडीतील पहिला टप्पाही पुरेसा आनंद देतो. साग, ऐन, मोह, पळस ही येथील ओळखीची झाडे. फाल्गुनाच्या सुमारास पळस पेटल्यासारखा फुलतो. सागाची रुंद पाने जमिनीवर पसरतात, कुजतात आणि त्यांचा थर पावसाचे पाणी धरून ठेवतो. झाडाखालची माती आणि उघड्या उतारावरची माती मुलांना हाताने चाचपून पाहू द्यावी. रान राखले तर ओढा उशिरापर्यंत का वाहतो, हे त्यांना निराळे शिकवावे लागत नाही.

दुसरी वाट : तांदुळवाडीचा डोंगर

सफाळे स्थानकावर उतरून रिक्षाने तांदुळवाडी गाव गाठता येते. तेथून गडाची चढण सुरू होते. मुलांना घेऊन चढण्यास दोन-अडीच तास हाताशी ठेवावेत. सकाळी लवकर निघावे, म्हणजे ऊन तापण्यापूर्वी माथा गाठता येतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी पायथ्याशी सावलीत थांबणे श्रेयस्कर.

माथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांच्याजवळ थोडे थांबावे. जगात अनेक ठिकाणी चुनखडीचे डोंगर आहेत. ती खडी पाण्यात हळूहळू विरघळते, डोंगराच्या पोटात गुहा होतात आणि पाणी भूगर्भात नाहीसे होते. आपला सह्याद्री आणि त्याचे हे फाटे बेसॉल्टचे, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचे आहेत. हा घट्ट कातळ पाणी सहज झिरपू देत नाही. म्हणूनच जुन्या कारागिरांना डोंगरमाथ्यावर टाके खोदून पावसाचे पाणी साठवता आले. त्याच कारणाने उघड्या डोंगरावर पडलेला पाऊस वेगाने वाहून जातो आणि कोकणात एवढा पाऊस होऊनही उन्हाळ्यात पाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात.

हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून वैतरणा आणि सूर्या या नद्यांचा संगम दिसतो. येथे कुटुंबातील कर्त्या व्यक्तीने मुलांना जवळ बोलवावे. सूर्या नदीवर धामणी येथे धरण आहे. त्याच नदीचे पाणी उचलून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला पुरवले जाते. रंग, औषधे, रसायने, कापड यांवर चालणारी येथील कित्येक घरे या एका नदीवर उभी आहेत. जमाखर्चाच्या वहीत पाण्याचे बिल एका ओळीत मावते. डोंगरावरून ते पाणी नदीच्या रूपाने दिसते.

तिसरी वाट : केळवे-दांड्याचा खाडीकाठ

केळवे रोड स्थानकावरून रिक्षाने केळव्याला जावे. सुरूच्या बनातून चालण्याची वाट सपाट व सावलीची आहे. शीतलादेवीचे मंदिर आणि पानवेलींच्या वाड्या पाहत दक्षिणेस दांड्याच्या खाडीकडे वळता येते. वृद्धांना व लहानग्यांना तिन्हींत हीच वाट सर्वांत सोयीची.

खाडीवर जाण्याची वेळ तिथीवरून ठरवावी. आठम-चौदस पाळणाऱ्या घरांना हे गणित सोपे आहे. या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला साधारण दुपारी बाराच्या सुमारास भरती येते व ती मोठी असते. तिला उधाण म्हणतात. पुढे प्रत्येक तिथीस भरती सुमारे पाऊण तासाने लांबते. म्हणजे अष्टमीला भरती सकाळी व संध्याकाळी सहाच्या आसपास आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. त्या वेळी चिखल उघडा पडतो आणि खाडीचे जीवन दिसू लागते.

तिवरांच्या मुळांचे शेकडो खुंट चिखलातून वर डोकावतात. चिखलात प्राणवायू मिळत नाही, म्हणून ही झाडे अशा मुळांनी श्वास घेतात आणि जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतात. पानाला बोट लावून जिभेला लावले तर खारटपणा कळतो. चिखलावर निवट्या उड्या मारतात, खेकडे बिळांच्या तोंडाशी बसतात, बगळे व खंड्या टपून असतात. हे सारे काठावरूनच पाहावे. चिखलात उतरणे धोक्याचे आहे, शिवाय प्रत्येक पावलाखाली असंख्य जीव असतात. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीस बंदी घातली. भरतीच्या लाटांचा जोर मोडून काठ सावरणारे हे रान किती मोलाचे आहे, हे येथे चालल्यावर पटते.

खाडीकाठी आणखी एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. सूर्येचे जे पाणी कारखान्यांत जाते, ते वापरून झाल्यावर अखेर याच किनाऱ्याकडे येते. तारापूरचे सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात सोडले जाते. खाड्यांतील मासे घटले, पाणी बिघडले, अशी तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने प्रदूषणाची जबाबदारी तेथील उद्योगांवर ठेवून भरपाईचा आदेश दिला. मासेमारी हा आपल्या समाजाचा व्यवसाय नाही, तरी जळातील जीव सर्वांचे आहेत. घरात पाणी गाळून प्यावे, गाळलेले जीव जपून मूळ पाण्यात सोडावेत, हा आपल्या घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आचार. कारखान्याच्या नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यालाही तोच विवेक लागू होतो. प्रक्रिया करण्याचा खर्च वाचवावा असे ज्याला वाटते, त्याने एकदा मुलांना घेऊन हा काठ चालावा.

चालण्यापूर्वी

कार्तिक ते फाल्गुन हा काळ सर्वांत योग्य. चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवतात, कारण त्या दिवसांत वाटा जीवांनी भरलेल्या असतात. शिवाय निसरड्या कातळावर अपघाताचे भयही असते. पुढची साडेतीन-चार हात जमीन पाहत चालण्याची ईर्यासमिती मुलांना खेळाप्रमाणे शिकवता येते. अशा चालण्यात मुंग्यांची रांग तुडवली जात नाही आणि ठेचही लागत नाही.

शिदोरीत खाखरा, थेपले, सुकी भेळ, गूळ-शेंगदाणे असावेत. उकाळलेले पाणी माणशी दोन लिटर तरी घ्यावे, कारण डोंगरावर भरवशाचे पाणी मिळेलच असे नाही. चौविहार पाळणाऱ्यांनी दुपारी तीनपर्यंत उतरण्यास आरंभ करावा. रानात सूर्यास्तानंतर थांबणे तसेही योग्य नव्हे. वाट दाखवण्यास गावातील माणूस सोबत घ्यावा व त्याला योग्य मोबदला द्यावा. रिकामी वेष्टणे पिशवीत भरून घरी आणावीत.

एका रविवारी एकच वाट धरावी. प्रथम रान, मग डोंगर, शेवटी खाडी असा क्रम ठेवला तर तीन रविवारी मुलांच्या मनात एका नदीची पूर्ण कथा तयार होईल. उद्या पेढीची किंवा कारखान्याची किल्ली त्यांच्याच हाती यायची आहे. ती हाती घेताना सूर्येचे पाणी आणि दांड्याचा काठ त्यांनी पायी पाहिलेला असावा.